कोमट भुई

२ डिसेंबर

आली बाप्पा एकदाची! पोहरादेवीहून मानोरा, तिथून वाशीम, मंग रिसोडची यष्टी. कमरेचा पार भुगा झाला. पण नातू मांडीवर घेतला अन् सारं इसरली. आज्याचं नाव ठेवलं, मोहनसिंग. नाक माह्यावर, रंग सूनबाईवर. हे म्हटलं तर मंजू बाजेवरून हासली, म्हणे, बरं झालं आत्याबाई, तुमचा रंग घेतला असता तर अंधारात सापडला नसता. फटकळ हाय पोरगी, मले आवडते. तिले माय नाही, म्हणून बाळंतपण माह्यावर.

माहा लेक विनोद इथं जमिनीतल्या गरमीच्या कामावर राखणदार हाय, राह्याची खोलीही तिथंच. टेकडीखाली लय खोल बोर पाडली. तिच्यात पंपानं पाणी दाबतात, खालचा खडक फोडतात, तापलेलं पाणी वर घेऊन वीज करतात म्हणे. मी दोनच इयत्ता शिकली, मले काय समजते! कामावरच्या हरीओम साहेबानं समजावलं, का खडक चहूकडून दाबलेला असते, ज्या अंगाले दाब कमी, त्या अंगाले चीर जाते. मी म्हटलं, साहेब, चहा घ्या.

७ डिसेंबर

थंडी अशी का दात वाजतात. पण नवल पाहा, पंप चालू झाल्यापासून खोलीची भुई कोमट! बाजेखाली शेकाची शेगडी ठेवाच लागत नाही. धरतीमायच बाळंतिणीले शेक देऊन राह्यली. माहे गुडघेही मोकळे झाले.

साहेब भुईले हात लावून गेला. तोंड उतरलं त्याचं. म्हणे, तपासणी होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवा. मी हो म्हटलं, अन् त्याची पाठ वळताच फटीत चिंध्या कोंबल्या. ओली बाळंतीण, कोवळं लेकरू, अन् दार उघडं? साहेबाच्या मायनं त्याले असाच वाढवला काय?

११ डिसेंबर

भुई चांगलीच गरम. खोलीत डालीखाली कोंबड्या होत्या, मेल्या. जखम नाही, काही नाही. मंजू म्हणे, साहेबाले सांगा. नाही सांगितलं. दार उघडाले लावलं असतं.

भुईतून कण्हल्यासारखा आवाज येते. मंजूले येत नाही.

१४ डिसेंबर

दुपारी मंजू न्हाणीत गेली. मी मोहनले खाली निजवलं, गरम जागी. दार लावलं. बाजेवर बसून त्याचं टोपरं शिवत होती. बोलत होती त्याच्यासंग. तो गुपचूप होता, मले वाटलं, ऐकते —

उचलला तर मान —

१५ डिसेंबर

साहेब म्हणे, चीर घराखाली आली. गरमीसंग जड हवा निघते. वास नाही तिले. भुईवरच साचते. दार उघडं असतं तर —

मंजू माह्याकडं पाठ करून बसते. शिवी दे ना माय. तिचा पदर दुधानं ओला होते. पिऊन कोण राह्यलं.

विनोदनं टेकडीच्या पायथ्याशी मातीत ठेवला त्याले.

१७ डिसेंबर

पंप बंद केला. कण्हणं बंद नाही. भुई गार पडली. आवाज आता टेकडीकडून —

१८ डिसेंबर

वही घेऊन इथंच बसली. त्याच्या मातीवर हात ठेवला. कोमट. अंगासारखी. विनोद म्हणे, याडी, माय माही, चीर इकडं सरकली, ती जड हवा इथं निघते, घरी चाल. गेला रडत, साहेबाले बोलवाले.

मेलेलं लेकरू गार असते. हा गार नाही.

माती हालली —

उकराले बसली. बोटं भाजतात, भाजू दे. खालून कोणी लोटून राह्यलं — डोळे जड — मंजू, लवकर ये, त्याले दूध —