अब्बांचा गळता नळ

आई, श्रीनगरहून फैयाजचा सलाम.

घर ठीक आहे, मीही ठीक आहे. जम्मूत लेकीकडे, नसीमाकडे, उन्हात बसतेस ना? गुडघे काय म्हणतात?

परवा नळ गोठला. चूक माझीच. अब्बा थंडीत स्वयंपाकघरातला नळ रात्रभर थेंब थेंब गळता ठेवायचे आणि पाणी वाया जातं म्हणून मी त्यांच्याशी भांडायचो. घरात एकटा झोपलो त्या पहिल्याच रात्री तो घट्ट बंद केला. आपल्या जुन्या घराचा पाइप बाहेरच्या भिंतीवरून येतो, सकाळी तो दगड झाला होता.

शेजारची खतिजा चाची निखाऱ्यांनी भरलेली कांगडी घेऊन आली. म्हणाली, "इंजिनियर झालास, पण वाहतं पाणी गोठत नाही एवढं बापाकडून शिकला नाहीस."

दोन तास पाइपाखाली कांगडी धरून बसलो, तेव्हा पाणी आलं. बोटांना काही कळत नव्हतं. अब्बांच्या जनाज्यापासून तसंच आहे, थंडीमुळे असेल. तू काळजी करू नकोस.

आता नळ गळता ठेवतो, खाली त्यांचा वजूचा तांब्या. पहाटे नमाजाआधी हातपाय धुवायला त्यांना तो भरलेला लागायचा. आज तो भरून वाहत होता. बराच वेळ कोणी उचलला नाही, म्हणून मग मीच उचलला.

नसीमाच्या मुलांना पापा.

तुझा फैयाज