दाजींचा प्रोग्राम आणि मालकांची भिंत

ती. ताईस,

इथूनच वाकून नमस्कार (पूर्ण वाकवत नाही, खुर्चीत बसून बसून कंबर धरली आहे). तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? उत्तर सावकाश दे. पुढच्या सोमवारी माझी नोकरी बहुधा जाणार आहे, मग वाचायला वेळच वेळ.

झालं असं, की निवृत्त होण्याआधी दाजींनी आमच्या रंगाच्या कारखान्यासाठी जो प्रोग्राम लिहिला (कुठल्या छटेत कुठला रंग किती मिसळायचा त्याचा), तो जुन्या भाषेत आहे आणि वाऱ्यासारखा पळतो. दुकानात गिऱ्हाईक छटा निवडतं त्या स्क्रीनचा प्रोग्राम मात्र नव्या भाषेत. दोघांना एकमेकांचं ओ की ठो कळत नाही. साहेब म्हणाले, दोघांचं बोलणं करून दे, पण वेग कमी होता कामा नये. हे मला सांगितलं, मला! मी मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवला. तो एकेक आकडा उचलणार, भाषांतर करणार, मग पलीकडे देणार. गिऱ्हाईक चहा पिऊन परत आलं तरी याचं चालूच, आणि दाजींचा प्रोग्राम बिचारा केव्हाच काम उरकून हात बांधून बसलेला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! शेवटी शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, आकडे इकडून तिकडे नेतोसच कशाला? मेमरीत एकाच जागी ठेव, दोघंही तिथेच बघतील. ठेवले. ताई, काय पळालं म्हणून सांगू! मी उडीच मारली (कंबर खरं तर तेव्हाचीच).

त्या भरात मालकांच्या दिवाणखान्याचा रंगही त्यावरच काढला. त्यांना हवा होता साधा दुधी पांढरा. भिंतीवर आलं जांभळं वांगं. चष्मेवालीचं म्हणणं, आकड्यांचा तक्ता एकच, पण दाजींचा प्रोग्राम तो उभा वाचतो आणि नवा आडवा. दोघंही आपापल्या परीने बरोबर. मग चुकलं कोण? मी तक्ता फिरवून पाहिला, मान फिरवून पाहिली, आता मलाच उभं-आडवं कळेनासं झालंय. सोमवारी मालकांनी बोलावलंय. खरंच घाबरलोय गं.

तुझा, डोकं धरून बसलेला,
धाकटा

ता. क. : खरं काम हे, की दाजींना रविवारी इकडे पाठव. खोकला असला तरी पाठव. ते एका नजरेत दुरुस्त करतील.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवता चिकटवता साहेबांचा फोन आला. मालकीणबाईंना ते वांगं इतकं आवडलंय, की उरलेल्या खोल्याही तशाच हव्यात, आणि मालक तोच रंग बाजारात आणणार आहेत. मला शाबासकी! कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. दाजींना अजिबात पाठवू नकोस. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.