कात्री खाली ठेव

४ फेब्रुवारी

"कात्री कुणाच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची. हवी त्याने उचलावी. नाहीतर भांडण होतं."

बाबांचं वाक्य. मी तेव्हा शाळेत होते, काजं करायला मदत म्हणून दुकानात बसायचे. आई कापड बेतायची, बाबा शिवायचे. मधल्या टेबलावर दिवसभर टक् टक् — ती ठेवायची, ते उचलायचे. थेट हातात कधीच नाही. भांडायचे तरीही, भरपूर! पण खापर फोडायला कात्री मिळत नसे.

आज हे आठवायचं कारण म्हणजे मी लिहिते त्या चित्रकथेचा नवा अंक घरी आला. चहा घेत सहज चाळत होते आणि शेवटच्या पानावर डोक्यात तिडीकच गेली.

मी लिहिलं होतं ते असं: पूल कोसळतोय. माझ्या नायकाने, टाक्याने, आपल्याच दोऱ्याने तो बांधून धरलाय, आता तो दोरा कापायला हवा. नायिका कातरवेळ कात्री कठड्यावर ठेवते. टाका उचलतो.

छापलंय काय? ती कात्री त्याच्या हातात देते. बोटांवर बोटं! अख्खं पान! मागे पूल, धूळ, काही नाही. फक्त दोन हात.

इतके अंक मी या दोघांना एकमेकांना बोट लावू दिलेलं नाही. ती कात्रीवाली, तो सुईवाला. शेजारी शेजारी उभं राहून शहर वाचवतात आणि आपापल्या घरी जातात. मला तेवढंच लिहायचं होतं.

चित्रकाराने सरळ ध चा मा केला. चित्रकार — म्हणजे एके काळचा माझा नवरा.

५ फेब्रुवारी

चूक कुठे झाली ते मला ठाऊक आहे. छपाईआधी पानं माझ्याकडे येतात. मी उघडत नाही. "ठीक" असं लिहून परत पाठवते. वेगळे झालो तेव्हापासून असंच. माझं लिखाण संपादकांमार्फत त्याच्याकडे, त्याची पानं संपादकांमार्फत माझ्याकडे. त्याच्या शाईच्या रेषा ताज्या असताना बघवत नाहीत. छापून आल्या की चालतं — मग त्या सगळ्यांच्या होतात.

आता भोगा!

७ फेब्रुवारी

वाचकांच्या गटावर आग लागलीय.

दोन तट पडलेत. "कातटाका"वाले — त्यांना लग्न हवंय. आणि "एकटी"वाले — त्यांना कातरवेळ आयुष्यभर एकटी हवीय, जणू ती त्यांच्याच घरची मोलकरीण आहे, लग्न करून गेली तर भांडी कोण घासणार.

एकजण लिहितो: "कात्रीची दोन पाती म्हणजे ते दोघे, मधला स्क्रू म्हणजे शहर." दुसरा: "सुईला एकच डोळा असतो, म्हणून टाक्याला तिचं दुःख अर्धंच दिसतं." कुणा एका काकांना अजूनही पहिल्या अंकाचाच राग आहे: "बाईच्या हातात कात्री आणि बाप्याच्या हातात सुई? लेखिकेच्या घरी सगळं उलटंच दिसतंय."

हो काका. आमच्या घरी उलटंच होतं. आई कापायची, बाबा शिवायचे. एवढंच आहे हो! कात्री म्हणजे कात्री, सुई म्हणजे सुई!

असं पडद्याकडे बघून मोठ्याने ओरडले. मांजर उठून गेलं.

८ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझी थोरली बहीण, औषधाचं दुकान चालवते. गटावर टोपणनावाने लिहिते हे आजच कळलं. कातटाकावाल्यांची ती पुढारी निघाली!

"अगं पण काय पान आहे! गिऱ्हाईक खोकत उभं होतं, मी बघतच राहिले."

"ताई, ते मी लिहिलेलं नाही."

"मग त्याने लिहिलं. तू वाच."

"काय वाचू? दोन हात आहेत."

"त्यातला एक तुझा आहे," ती म्हणाली. "अंगठ्यावरचा कापल्याचा व्रण बघ. डोळे उघडे ठेवून बघ जरा, शहाणे."

फोन ठेवून दिला. बघितलं नाही.

९ फेब्रुवारी

बघितलं. आहे.

११ फेब्रुवारी

संपादकांच्या खोलीत. सगळे त्यांना मागून तातडीराव म्हणतात. त्यांचं प्रत्येक काम कालच हवं असतं. टेबलावर पत्रांचा ढीग, मध्ये विसरलेला गार चहा, त्यात पेनाचं टोपण.

"बाई, तवा तापलाय. लग्न नको तर नको, एक मिठी तरी! पुढच्या गुरुवारपर्यंत."

"ते प्रेम नाहीये. पूल पडतोय, टाक्याला कात्री हवीय. काम आहे ते."

"लोकांनी ठरवलंय आता."

"लोकांनीच ठरवायचं तर मी कशाला?"

"तेच विचारायचं होतं," तातडीराव म्हणाले. आवाजही चढवला नाही. "एक नवा मुलगा आहे. पटकन लिहितो."

माझे कान तापले. आईची कात्री, बाबांची सुई, आणि लिहिणार तो पटकन लिहिणारा! शिवाय हे लिखाण गेलं तर... तर त्या चित्रकाराकडे माझं काहीच जाणार नाही. महिन्याला काही पानं जातात तेवढंच जातं.

हे तातडीरावांना कसं सांगणार? म्हटलं, "ते पान चुकलंय. पुढच्या अंकात दुरुस्त करू. स्वप्न होतं म्हणू."

"चित्रकार नाही म्हणतात. म्हणाले, पान बदलणार नाही. बाईंना काही म्हणायचं असेल तर थेट मला म्हणू देत."

"मला त्यांना काही म्हणायचं नाही."

"तेच सांगितलं मी. हसले."

मग पुन्हा तेच — दोघं एकदा समोरासमोर बसा, माझ्यासमोर बसा हवं तर. मी म्हटलं, तुम्ही हे आधी दोनदा जमवायला गेलात आणि त्यानेच नाही म्हटलं. तातडीराव ढिगातलं एक पत्र उचलून वाचायला लागले.

हसले म्हणे!

१२ फेब्रुवारी

कणकण. एक ओळ लिहिली नाही.

१४ फेब्रुवारी

घर आवरलं तो दिवस डोक्यातून जात नाही.

खोकी भरत होतो. ही पुस्तकं तुझी, ही माझी, दिवा तू ठेव, नको तू ने. इतके सभ्य होतो की सामान उचलणाऱ्या माणसाला वाटलं आम्ही शेजारी आहोत. आम्ही भांडलोच नाही. तेव्हाही नाही, आधीही नाही. काही खुपलं की मी गप्प व्हायचे आणि लिहायला बसायचे. तो गप्प व्हायचा आणि पेन्सिलीला टोक करायचा. लोक म्हणाले, केवढा समजूतदारपणा! एकटी ताई तेवढी म्हणाली, "अगं, एक भांडं तरी आपटायचंस!"

सगळ्यात शेवटी आईची कात्री राहिली. त्याच्या हातात होती, खोक्याची दोरी कापायला घेतलेली. मी हात पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाकला आणि रिकाम्या फरशीवर ठेवली. मी उचलली.

बाबांचा नियम त्याच्या लक्षात राहिला, म्हणून मी जिन्यात रडले होते.

म्हणूनच आज एवढा संताप! नियम ज्याला ठाऊक नाही त्याने मोडला तर समजू शकते. याला ठाऊक होता.

१६ फेब्रुवारी

लिहिलं त्याला. थेट. तातडीरावांना मध्ये न घेता.

दोन ओळी लिहायच्या होत्या, थांबलेच नाही. न विचारता पान बदललंस. माझ्या आईबापाची वस्तू, तिचा तमाशा केलास. माझा व्रण कुणाला विचारून छापलास? नेहमी असंच — बोलायचं नाही, काढून ठेवायचं आणि मी समजून घ्यायचं! दिवाही मला हवा होता. तू "नको, तू ने" म्हणालास ते मनापासून नव्हतं, आणि मी आणला नाही तेही मनापासून नव्हतं. अजून लिहायच्या खोलीत मी अंधारात चाचपडते.

दिवा कुठून आला मध्ये, देव जाणे.

पाठवून टाकलं. भूक लागली! उभ्याउभ्याच काहीबाही खाल्लं.

१७ फेब्रुवारी

तातडीरावांचा निरोप: गुरुवार लक्षात आहे ना. त्याच्याकडून काही नाही.

१८ फेब्रुवारी

उत्तर आलं.

"हातात दिली की भांडण होतं, म्हणूनच पानावर दिली. त्या दिवशी खाली ठेवली, तिथे चुकलं."

दोनदा वाचलं. मग लिहिलं: टाक्याला आता कात्री परत करायचीय. कशी, ते मी एकटी लिहिणार नाही. रविवारी ये. दिवा आण. उरलेलं समोर बसून भांडू.

नाहीच म्हणेल.