अंगठीवरील नावेची नाळ घराकडे वळविण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
सेंट एरास्मस विद्यापीठ,
पोर्ट कार्मेल, मॅसॅच्युसेट्स.

विषय : पदवीदान अंगठीवरील सागरी विज्ञान विभागाच्या चिन्हातील नाव (होडी) दि. १९ मेपूर्वी नव्याने कोरण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अंगठी समितीचे नकाराचे पत्र, दि. १२ एप्रिल १९७९.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

"नाव कोरशील तेव्हा नाळ घराकडे ठेव. वल्ही विसरलीस तरी चालेल, शीड वाकडं आलं तरी चालेल. नाळ मात्र घराकडे." हे शब्द माझे गुरू कै. जसिंतोकाका यांचे. पोलादाच्या ठशावर कोरणी कशी धरायची हे त्यांनीच मला शिकवले. आमच्या अझोरेस बेटांवर समुद्रातून वाचलेला माणूस चर्चमध्ये लाकडी नाव टांगतो. तिचेही पुढचे टोक, म्हणजे नाळ, वेदीकडे असते. काकांच्या अखेरच्या आजारात मी त्यांना तसा शब्द दिला होता. तो माझ्या हातून मोडला. कसा मोडला आणि त्यावर काय उपाय आहे, ते आपल्यापुढे नम्रपणे मांडते.

१. मी बेल्मिरा फुर्ताडो, वय ५२. आपल्या विद्यापीठाच्या अंगठ्या जिथे घडतात त्या थिबो यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षे ठसे कोरते. सन १९७५ मध्ये आपण ठरवले, की मधल्या मुद्रेच्या एका बाजूस, म्हणजे अंगठीच्या एका खांद्यावर, साल राहील आणि दुसऱ्या खांद्यावर ज्या त्या विभागाचे चिन्ह येईल. अकरा विभागांची यादी माझ्या हाती आली. परिचर्येला दिवा, रसायनाला काचेचे भांडे, कायद्याला तराजू, संगीताला वीणा. सागरी विज्ञानापुढे "शीड उभारलेली नाव" एवढेच लिहिले होते. अकराही चिन्हे मी सकाळच्या प्रार्थनेनंतर, काही न खाता, दुसऱ्या कामाला हात लावण्यापूर्वी रेखाटली. त्यात हयगय झाली नाही.

२. ठशात सगळे उलटे कोरावे लागते, तिथे मी चुकले नाही. नमुन्याची अंगठी माझ्या बोटात घालून पाहिली. नाळ मनगटाकडे होती. मनगटाकडे म्हणजे अंगाकडे, घराकडे. मी समाधानाने क्रूसाची खूण केली आणि ठसा टणक करायला भट्टीत दिला. पण विद्यार्थी असेपर्यंत अंगठीवरची मुद्रा स्वतःला वाचता येईल अशी घालतात, आणि पदवीदानाच्या दिवशी कुलगुरूंच्या शब्दासरशी सगळे ती काढून, फिरवून, जगाला वाचता येईल अशी घालतात. ही रीत मला माहीत होती. दरवर्षी मागच्या बाकावरून मी ती बघतेही. परंतु मी स्वतः सहावीपर्यंत शिकलेली बाई. माझ्या बोटावर अंगठी कधी फिरली नाही, म्हणून ती फिरल्यावर नावेचे काय होईल हे माझ्या ध्यानात आले नाही. मनगटाकडे येणारी नाव त्या क्षणी बोटाच्या टोकाकडे, बाहेर निघते.

३. मे १९७७ मध्ये सागरी विभागाच्या तेरा जणांनी अंगठ्या फिरवल्या. त्यांच्यापैकी पाच जण त्याच नोव्हेंबरात पाहणीच्या जहाजावर गेले आणि परत आले नाहीत. ते माझ्या कोरणीने गेले असे माझे म्हणणे नाही. फादर मेलो यांनी पापनिवेदनाच्या वेळी मला दोनदा बजावले, की असे समजणे हा अहंकार आहे. "बेल्मिरा, समुद्र तुझ्या कारखान्यात कामाला नाही," असे ते म्हणाले. मी ते मान्य केले. तरी त्या पाच जणांसाठी रोज जपमाळेचे एकेक दशक, म्हणजे दहा प्रार्थना, म्हणण्याचा आणि शुक्रवारी पाणी-पावावर राहण्याचा नेम मी धरला आहे. आजवर तो चुकलेला नाही.

४. यापुढचे लिहावे की नाही, याचा मी फार विचार केला. गेल्या हिवाळ्यात झिजलेले ठसे पुन्हा कोरायला माझ्याकडे आले. परिचर्येचा दिवा मी पट्टी लावून सरळ रेखाटला. कोरून झाल्यावर पाहिले तर ज्योत खांद्याच्या बाहेरच्या कडेकडे झुकलेली, जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटावा तशी. मी तो ठसा मोडीत काढला आणि दुसरा केला. त्याचीही ज्योत झुकली. मग रसायनाचे भांडे. त्यातले पाणी मी आडव्या रेघेने दाखवते. भिंगाखाली पाहिले तेव्हा भांडे सरळ उभे होते आणि पाणी एका बाजूला चढलेले होते. जहाज कलले की पेल्यातले पाणी चढते, तसे. आमचे मालक श्री. थिबो म्हणाले, "तुझ्या डोळ्यांना समुद्र लागलाय, बाई. आठ दिवस बहिणीकडे जाऊन ये. आणि येताना चांगला चष्मा घेऊन ये." मी म्हटले, तुम्हीच बघा. त्यांनी भिंग लावले. बराच वेळ पाहिले. मग खिशातला रुमाल काढून ठशावर टाकला आणि निघून गेले. तो ठसा त्यांनी पुन्हा मागितला नाही, रुमालही नाही. रसायन विभागाच्या अंगठ्यांना यंदा उशीर का झाला अशी चौकशी आपल्या कार्यालयाने केली आहे, त्याचे कारण हे आहे.

मी कामाला बसते तेव्हा माझ्या मागे कोणीतरी वाट बघत उभे आहे असे वाटते. ते रागावलेले नाहीत. रांगेत उभ्या असलेल्या माणसांसारखे थांबलेले आहेत. वळून पाहिले तर कोणी नसते, मात्र फरशी ओलसर लागते. ते पुसून मी पुढे काम करते.

५. त्या पाचांतला एकच सापडला, आर्लिंदो मेदेइरोस. त्याची अंगठी त्याच्या आईला, दिओलिंदाबाईंना, मिळाली. त्या मासे साफ करण्याच्या शेडमध्ये काम करतात. दोरा गुंडाळून ती अंगठी त्या मधल्या बोटात घालतात. गेल्या महिन्यात चर्चच्या पायरीवर त्यांनी माझा हात धरला.

"बेल्मिरा, ही तूच कोरलीस ना? मग सांग, ही नाव निघालीय कुठे?"

मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, "मलाही तसंच दिसलं. म्हणून मी अंगठी उलटी घालून पाहिली. नाव आली बघ घरी. पण मग मुद्रा माझ्याकडे वळते, आणि तो पास झालाच नाही असं होतं. आमच्या सात पिढ्यांत पहिला शिकलेला पोरगा, बाई. त्याला नापास करून घरी आणू का?"

महोदय, मी एवढेच म्हटले, की नाव मी वळवीन आणि त्याची पदवी तशीच राहील. हा माझा दुसरा शब्द.

६. अंगठी समितीचे चिटणीस श्री. हॉलोवे यांनी मला भेटीची वेळ दिली, त्याबद्दल मी ऋणी आहे. त्यांनी मंजूर वर्णन काढून दाखवले. त्यात "शीड उभारलेली नाव" एवढेच आहे, तोंड कुठे असावे हे लिहिलेले नाही. तेव्हा तोंड वळवायला परवानगी लागू नये, असे मी सुचवले. ते म्हणाले, वर्णनात नसलेली गोष्ट बदलायची तर आधी ती वर्णनात घालावी लागेल, आणि वर्णन १९८५ पर्यंत बदलता येत नाही. मग ते हसून म्हणाले, "बेल्मिराबाई, ती नाव आहे, गाढव नाही, की तोंड वळवलं म्हणजे आपणहून घरी येईल." मला त्याचा राग आला नाही. काकाही असेच बोलत. मी उठले, तेव्हा मात्र श्री. हॉलोवे यांनी विचारले, तुमचे बूट ओले आहेत का, गालिच्यावर डाग पडलाय. त्या दिवशी कडक ऊन होते.

७. या वर्षी सागरी विभागाचे नऊ जण १९ मे रोजी अंगठ्या फिरवतील आणि जूनमध्ये जहाजावर जातील. त्यांतले चौघे आमच्याच चर्चमधले आहेत. एकीला मी पहिल्या प्रभुभोजनाची ओढणी शिवून दिली होती. नवा ठसा मी स्वखुशीने तयार करून ठेवला आहे. त्यावरून काढलेली नमुन्याची अंगठी बोटावर फिरवूनही पाहिली आहे. माझ्या नव्हे, श्री. थिबो यांच्या पदवीधर सुनेच्या. तरी विनंती, की या नऊ अंगठ्यांवर तो उमटवण्याची परवानगी मिळावी. ते शक्य नसेल तर त्या नऊ जणांना १९ तारखेस अंगठी न फिरवता व्यासपीठावरून जाऊ द्यावे. चार वर्षे ते या एका क्षणासाठी थांबले आहेत आणि त्यांचे आईबाप मला क्षमा करणार नाहीत, हे मी जाणते. तेही शक्य नसेल, तर कुलगुरूंनी "फिरवा" हा शब्द उच्चारताना पाच माणसे मावतील एवढी जागा समोर रिकामी सोडावी. एवढ्यासाठी वर्णन बदलावे लागणार नाही.

८. दिओलिंदाबाईंच्या अंगठीसाठी मी परवानगी मागत नाही, केवळ कळवते. विद्यापीठाच्या अंगठीत कारागिराने परस्पर फेरफार केल्यास त्याचे काम काढून घेण्याचा नियम आहे, तो मी वाचला आहे. सोन्यात उठलेली नाव घासून सपाट करावी लागेल आणि तिच्या जागी साध्या रेषेने दुसरी कोरावी लागेल. ती कारखान्यातल्यासारखी दिसणार नाही. मुद्रेला आणि सालाला मी हात लावणार नाही.

आज मी दुपारची रजा घेतली आहे. हा अर्ज आपल्या खिडकीवर देऊन पोचेचा शिक्का घेईन आणि तिथून चालत दिओलिंदाबाईंकडे जाईन. त्यांनी स्वयंपाकघरातले टेबल खिडकीशी ओढून ठेवले आहे. दोन कोरण्या, भिंग आणि कोरताना अंगठी घट्ट बसवायचा लाखेचा गोळा माझ्या पिशवीत आहेत.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
बेल्मिरा फुर्ताडो
पोर्ट कार्मेल, गुरुवार, दि. ३ मे १९७९

सोबत :
१) सन १९७५ चे मंजूर रेखाचित्र.
२) जुन्या व नव्या ठशाचे मेणावरील उठाव, प्रत्येकी एक.
३) यंदाच्या नऊ विद्यार्थ्यांची नावे, मी ती रोज म्हणते त्या क्रमाने.