खुर्ची रिकामी परत येते

ती. ताई,

नमस्कार. (वाकले की चक्कर येते, म्हणून हा लिहूनच.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का?

शाळेतला लस टोचायचा दिवस आठवतो? एकेका मुलीला पुढे घालत, लपतछपत मी रांगेच्या शेवटी पोचले, आणि सिस्टर म्हणाल्या, आज शेवटून सुरुवात. तेव्हा तू पुढून धावत आलीस आणि माझ्याआधी स्वतःची बाही वर केलीस. हे आज का आठवलं, ते खाली कळेलच.

आमची गल्ली तू पाहिली नाहीस. दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं. समोरचे घड्याळजी गुळण्या करू लागले की मी माझा नळ बंद करायला धावते. रुग्णवाहिका नाक्यावरच थांबते, म्हणून कोणी आजारी पडलं की शिंपीदादा दुकानातल्या लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधतात आणि चौघं मिळून त्या माणसाला नाक्यापर्यंत उचलून नेतात. माझ्या देखत तिघं असे गेले: गाणं शिकवणारे मास्तर, वाण्याची आई आणि इस्त्रीवाल्याचे सासरे. तिघांतलं कोणी परत आलं नाही. खुर्ची मात्र दर वेळी आली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसून गिऱ्हाइकं मापाची वाट बघत होती. दोन वर्षं मी त्या दुकानाची पायरी चढलेले नाही. तयार कपडे घेते. ते काखेत काचतात, पण जीव शाबूत राहतो.

तर गेल्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दाखल व्हा, ऑपरेशन करू, आणि तोवर फार चालू नका. हे कोणाला म्हणून सांगायचं नाही असं मी ठरवलं. पण दवाखाना बेकरीच्या माळ्यावर आहे आणि मधे नुसत्या फळ्या. मी जिना उतरेपर्यंत बेकरीवाल्या मावशींनी माझ्यासाठी बिनमिठाचा पाव बाजूला काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची माझ्या दारात. मी कडी घातली आणि कपाटामागे जाऊन उभी राहिले. (कपाटामागे मी पूर्ण मावत नाही, हे घड्याळजींनी त्यांच्या खिडकीतून सगळ्यांना सांगितलं.)

"बाई, घाबरू नका," शिंपीदादा दाराबाहेरून म्हणाले. "आज न्यायचं नाहीये. आज नुसती ट्रायल."

झालं होतं असं, की वाण्याच्या आईच्या वेळी खुर्ची विजेच्या खांबापाशी अडकली आणि दहा मिनिटं वाया गेली. ते त्यांच्या मनातून जात नाही. मग काय, बसले. डोळे घट्ट मिटून. आणि खांबापाशी खुर्ची अडकलीच. इस्त्रीवाला म्हणे तिरकी करा, वाणी म्हणे मागे घ्या, मावशी म्हणाल्या आधी त्यांना पाणी द्या. मी अधांतरी. छाती अशी धडधडत होती, की ट्रायल सोडून खरंच न्यायची वेळ येणार असं वाटलं. मी शिंपीदादांना विचारलं, ते तिघं घाबरले होते का हो? त्यांना खोटं बोलता येत नाही.

"मास्तर घाबरले होते," ते म्हणाले. "म्हणाले, हळू चला, गल्ली बघू द्या."

मग मी डोळे उघडले. प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी फडकं झटकत उभं होतं. इतकी धूळ आमच्या गल्लीत नाही गं.

शेवटी उजव्या बांबूचं टोक करवतीने वीतभर कापलं आणि मी पार झाले. घड्याळजींच्या हिशेबाने आता चार मिनिटांत नाका. तेव्हा काळजी नसावी. मला मुळीच भीती वाटत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. : वरचं सगळं बेकरीवाल्या मावशींना वाचून दाखवलं, पत्र त्याच टाकणार आहेत. त्या भट्टीकडे बघायला गेल्यात तोवर खरं लिहिते. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन लपावंसं वाटतंय. गुरुवारी ये. शुक्रवारी माझ्या खुर्चीपुढे तू चाल.

ता. क. २ : आणि काही झालंच तर, भिंतीवरचं घड्याळ घड्याळजींना. (ते मुद्दाम अर्धवट दुरुस्त करतात, म्हणजे दर आठवड्याला यायला कारण राहतं.) किटली मावशींना. काचणारे सगळे कपडे शिंपीदादांना, उसवून नीट करतील आणि कोणाला तरी देतील. शाळेच्या बिल्ल्याची पिन तुला. खुर्चीसाठी उशी शिवली आहे, ती खुर्चीलाच. पण खुर्ची रिकामी परत आलेली आता या गल्लीला बघवणार नाही. तेव्हा माझं काहीही होवो, येताना तिच्यावर तू बस. तुझ्या वजनाला पाचवा माणूस लागेल, तसं वाण्याला सांगून ठेवलं आहे.