पहिली पसंती, दुसरा पत्ता

अण्णा,

आज वाचनालयात वर्तमानपत्र उघडलं आणि आधी तुम्ही आठवलात. देशाचा राष्ट्रपती निवडायचा आहे, आणि तो कसा निवडतात ते आतल्या पानावर सविस्तर छापलंय. निवडणारे सभासद उमेदवारांच्या नावांपुढे पसंतीचे आकडे घालणार, एक, दोन, तीन. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत तर सगळ्यांत मागे राहिलेल्याला बाजूला काढायचं आणि त्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या दुसऱ्या पसंतीला द्यायच्या. म्हणजे तुमचीच की ही पद्धत. आपल्या आळीतल्या वाचनालयाच्या अध्यक्षासाठी जिच्यापायी तुम्ही आईचं डोकं उठवलं होतंत, तीच. आम्हां साध्या मतदारांना मात्र यंदा, स्वराज्यातल्या पहिल्या निवडणुकीत, नुसती चिठ्ठी मिळाली, ज्याला मत द्यायचं त्याचं चित्र चिकटवलेल्या पेटीत टाकायची आणि घरी यायचं. त्यांना आकडे आणि आम्हांला पेटी, हे असं का, ते मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही असतात तर भात निवेपर्यंत सांगत बसला असतात.

वाचनालयाच्या निवडणुकांच्या त्या वर्षांतली मी तुमच्या किती लक्षात होते कोण जाणे. हे आगबोटीवर सुकाणी, वर्षातून एखादा महिना घरी. सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाकीचे दिवस मी तुमच्याकडेच. बोट मुंबईला कधी लागणार ते मुंबईच्या वर्तमानपत्रात छापून यायचं, आणि वर्तमानपत्र वाचनालयाबाहेर न्यायचं नाही असा नियम. बायकांनी तिथे जाऊन बसायचं नाही हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तोच जास्त पाळला जायचा. मी तुम्हाला रोज बजावायची, अण्णा, एवढं बोटीचं बघून या हो. तुम्ही अग्रलेख वाचून यायचात, साऱ्या जगाची खबर द्यायचात आणि बोटीचं नेमकं विसरायचात. एकदा हे दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी अंगण सारवत होते. शेणानं कोपरापर्यंत भरलेले हात, डोक्याला फडकं. अकरा महिन्यांनी नवरा बघतोय आणि मी ही अशी. त्या दिवशी मी तुमच्यावर जी चिडले ती चार दिवस बोलले नाही, आणि तुम्हाला वाटलं माझं पोट बिघडलंय.

गंमत अशी की बसायला बंदी होती, पण मत होतं. एका वर्गणीवर एकच पुस्तक मिळायचं, म्हणून तुमच्यासारख्या चारदोन घरांनी लेकीसुनांच्या नावानं जास्तीच्या वर्गण्या भरल्या होत्या. आपण पुस्तकं वाढवतोय असं सगळ्यांना वाटत होतं, मतदार वाढवतोय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. निवडणुकीच्या दिवशी वाचनालयाचा शिपाई झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन घरोघर फिरायचा. आम्ही मागच्या पडवीत उभं राहून चिठ्ठी टाकायची आणि त्याला ताक द्यायचं. ताकाचीच त्याला जास्त काळजी असायची.

अध्यक्ष वर्षानुवर्षं खोतच. बायका येऊन बसल्या तर पुरुषांनी पाय कुठे पसरायचे, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्याविरुद्ध तुम्ही उभे राहिलात आणि वकीलही राहिले. तुम्हा दोघांनाही बायकांना आत घ्यायचं होतं. कुणीतरी एकानं माघार घ्यायला हवी हे तुम्हाला कळत होतं आणि वकिलांनाही कळत होतं. ते आपल्या ओटीवर येऊन म्हणाले, "तुम्ही असताना मी कशाला?" तुम्ही म्हणालात, "छे छे, तुम्हीच राहा." सुपारी खाऊन दोघं उठलात ते समोरचा आता बसणार अशा खात्रीनं, आणि दोघांचीही नावं तशीच राहिली. मोजल्यावर तुमची नि वकिलांची मिळून मतं खोतांच्या कितीतरी वर, आणि अध्यक्ष पुन्हा खोत. दुसरा कुणी असता तर वकिलांच्या नावानं बोटं मोडत बसला असता. तुम्ही बोटं मोजत बसलात. जास्त लोकांना जे नको होतं तेच कसं निवडून आलं, एवढा एकच प्रश्न तुम्ही आठवडाभर चघळलात.

मग ते स्वयंपाकघरात आलं. घरात तेव्हा आपण नऊ माणसं. सकाळच्या खाण्याला काय करायचं, यावर तुम्ही मतं घेतलीत. चौघांनी मऊभात सांगितला, तिघांनी आंबोळ्या, दोघांनी घावन. "साध्या मोजणीनं मऊभात जिंकला," तुम्ही म्हणालात, "पण पाच जणांना तो नकोय त्याचं काय?" घावनवाल्या दोघांना तुम्ही विचारलंत, घावन नाहीतर काय? ते म्हणाले, आंबोळ्या. झाल्या पाच. तुमचा चेहरा असा फुलला की मऊभात मागणारी आजीसुद्धा हसली. आई चुलीपुढून म्हणाली, "आंबोळ्यांचं पीठ काल भिजायला हवं होतं. आणि नऊ जणांत चुलीपुढे बसणाऱ्याला किती मतं, ते नाही मोजलंत?" निकाल आंबोळ्यांचा लागला आणि आपण मऊभात खाल्ला.

ही पद्धत तुम्ही कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचली होतीत, पण समजावलीत ती आपल्या पोस्टाच्या भाषेत. जन्म तुमचा पत्रं लावण्यात गेलेला. वाचनालयाच्या सभेत तुम्ही काय बोललात ते घरी येऊन आम्हांला जसंच्या तसं म्हणून दाखवलंत. आपल्याकडची माणसं मुंबईत खोल्या बदलतात. गिरगावच्या पत्त्यावर माणूस सापडला नाही म्हणून पत्र फाडून टाकतो का आपण? गिरगाव खोडतो, परळ घालतो, पुढे पाठवतो. मग मतानं काय पाप केलंय? पहिल्याकडे काम झालं नाही तर दुसऱ्याकडे जाऊ दे. खोत हरकत घेतील असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्यांनीच मान डोलावली. त्यांच्या ओटीवर जाऊन प्रत्येक जण सांगून आला होता, पहिलं मत दिलेल्या शब्दात अडकलंय, दुसरं मात्र तुमचंच. तोंडावर नाही म्हणायची आपल्याकडे कुणाची प्राज्ञा आहे? खोतांनी ती सगळी दुसरी मतं खरी धरली.

पुढच्या निवडणुकीला पुन्हा तेच तिघे. शिपायानं चिठ्ठी दिली, मी पडवीत टाक घेऊन बसले. जुनी पद्धत असती तर विचारच करायचा नव्हता, बापाला मत द्यायचं आणि ताक आणायला आत जायचं. आता तीन नावं आणि तीन आकडे. तुम्ही म्हणत होतात, सुरुवातीला आठवड्यातून एक दिवस, मंगळवार, बायकांना देऊ, मधे पडदा लावू, लोकांना सवय होऊ दे. वकील म्हणत होते, जो सभासद आहे त्यानं कुठल्याही दिवशी यावं, खुर्ची दिसेल तिथे बसावं. आता बोट काय मंगळवार बघून लागते? मला पडदा नको होता, अण्णा. मला खिडकीजवळची खुर्ची आणि रोजचा पेपर हवा होता. शिवाय मनात हेही होतं की दोन आकडा घातला तरी तुमचं काही जात नाही, मत फिरून तुमच्याकडे येईलच. तुम्हीच शिकवलं होतंत तसं. मी वकिलांपुढे एक घातला, तुमच्यापुढे दोन, आणि शिपाई डबा वाजवत होता म्हणून घाईनं चिठ्ठी टाकली.

मोजायला समोरचे वैद्यकाका बसले होते. खोत पहिले, पण निम्म्याला पोचले नाहीत. वकील दुसरे, तुम्ही तिसरे, तेही एका मतानं. तुम्हाला बाजूला काढलं, तुमच्या चिठ्ठ्यांवरची दुसरी मतं बहुतेक वकिलांना गेली, आणि वकील अध्यक्ष झाले. तुम्ही नारळ घेऊन त्यांच्याकडे जाऊन आलात आणि म्हणालात, पद्धत चोख चालली. जेवताना मात्र तुमचा हात थांबला. "एक मत. ते माझ्याकडे असतं तर वकील बाहेर पडले असते आणि त्यांच्या चिठ्ठ्या मला आल्या असत्या. कोण असेल गो?" आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. मी तुम्हाला भात वाढत होते. मी म्हणाले, "काय माहीत."

तुमच्या बाजूच्या बाकी सगळ्यांनी तुम्हाला पहिलं मत दिल्याचं आपणहून सांगितलं. वैद्यकाका तेवढे बोलले नाहीत. तुम्ही विचारलंत तर म्हणाले, "गुप्त म्हणजे गुप्त हो." झालं, तुमचं ठरलं. संध्याकाळी दोघं मिळून समुद्रावर, मांडवीच्या पुळणीवर फिरायला जायचात ते सुटलं. तुम्ही एकटे निघायचात आणि ते आपल्या पायरीवर बसून बघायचे. मी इकडे वकिलांनी दिलेल्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पुढच्या खेपेला बोट लागल्याची बातमी मी स्वतः वाचली. हे आले तेव्हा नवं लुगडं नेसून, केसात अबोलीची वेणी घालून दारात उभी होते. त्या सुखाची किंमत कोण देत होतं ते समोरच्या पायरीवर रोज दिसायचं, तरी मी गप्प राहिले.

वैद्यकाकांना माहीत होतं, अण्णा. त्यांच्या औषधांच्या पुड्यांवर सकाळची एक, दुपारची दोन, रात्रीची तीन, हे आकडे घालून देण्याचं काम लहानपणापासून माझं. माझा एक आणि माझा दोन त्यांनी हजारदा पाहिलेला. तुमच्या शेवटच्या दुखण्यात ते दिवसातून दोनदा रस्ता ओलांडून यायचे. एकदा तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, "आता तरी सांगा. मला राग नाही, मला फक्त कळायला हवंय." मी उशाशी पुडी उलगडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुडीकडे, आणि म्हणाले, "दुपारची दोन नंबरची द्या यांना." तुम्ही औषध घेऊन डोळे मिटलेत. तेव्हा मी बोलले असते तर तुम्हाला मित्र परत मिळाला असता. मला भीती वाटली, आणि ती कशाची ते आजही नीट सांगता येत नाही.

मत दिलं त्याचा पस्तावा नाही. आज तीच चिठ्ठी हातात आली तर पुन्हा तसेच आकडे घालीन. तुम्ही ऐकून चिडला नसतात, उलट पोस्टातल्या सगळ्यांना सांगत सुटला असतात की माझ्या पद्धतीत लेकीला खरं मत देता आलं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं बहुधा. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

हे आता घरीच असतात, बोटीचं पान वाचायची गरज उरली नाही, तरी मी ते वाचते. वैद्यकाका ऐंशीच्या पुढे गेलेत. नजर गेली आहे, पण संध्याकाळी पायरीवर बसतात. पत्र लिहून झालं, पाकिटावर तुमचं नाव घातलं. पहिल्या पत्त्यावर माणूस नसेल तर काय करायचं ते तुम्हीच सांगून ठेवलंय. तुमचं नाव खोडून खाली त्यांचं लिहायचं, रस्ता ओलांडायचा आणि वाचून दाखवायचं. त्यांचं नावही लिहून झालंय. ते आत्ता समोर बसलेत, मला इथून दिसतायत, आणि मी अजून उठलेली नाही.