एक जूनची पोरं

८ जानेवारी २०२४
कोर्टाचं समन्स आलं! निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कुणाला तरी बद्रीनाथ गुरुजींची गरज पडली. अख्ख्या पुंडलिकनगरला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोला वाचून दाखवलं. सफारी इस्त्रीला टाकली.

९ जानेवारी
आज नीट वाचलं. बोलावणारा आरोपीचा वकील आहे! वैजापूरकडच्या माझ्या शाळेतली पोरगी, आवडाबाईची लेक. नाव इथंही लिहीत नाही. २०२२च्या पोळ्याला गावातल्या दुकानदारानं तिच्यावर जबरदस्ती केली. तो म्हणतो, राजीखुशी होती, पोरगी अठरा पूर्ण होती. पुरावा? शाळेचं रजिस्टर. जन्म १ जून २००४. अक्षर माझं.

११ जानेवारी
जेवण जात नाही. २०१०ला शाळेचा पट कमी पडला, एक शिक्षक जाणार होता. दारोदार फिरून पोरं गोळा केली. आवडाबाई म्हणाली होती, "गुरुजी, पोर लई बारकी हाय. पाचवं बी दिवाळीत भरतंय." मी म्हणालो, "तारखेचं सोड, मी बघतो." बघितलं! सहा पूर्ण दाखवून टाकला एक जून. वर्गात एकतीस पोरं, त्यातली एकोणतीस एक जूनची. बायको म्हणते, "सगळ्या गावच्या बायका कळा धरून बसल्या होत्या का हो, एक जूनपर्यंत?"
हसलो. मग स्वतःचीच लाज वाटली.

१३ जानेवारी
अंगणवाडीच्या वहीत खरी तारीख होती म्हणे – दिवाळी, २००५. पान उंदरांनी खाल्लं. म्हणजे राहिलो मी! कोर्टात खरं बोलायचं म्हणजे सरकारी दप्तरात खोटं लिहिलं हे कबूल करायचं. चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. आदर्श शिक्षकाचं सन्मानपत्र भिंतीवर आहे. उगाच दोनदा पुसलं.

१७ जानेवारी
साक्ष झाली. वकील गोड बोलला, "अक्षर तुमचंच ना? सुंदर आहे." मी गाढव – "धन्यवाद" म्हणालो!
"तारीख तुम्हीच लिहिली?"
"लिहिली. खोटी लिहिली. पोरगी दीड वर्षानं लहान आहे."
"म्हणजे गुरुजी, खोटं तेव्हा लिहिलं की आता बोलताय?"
"तेव्हा," म्हणालो. सरकारी वकीलबाईंनी विचारलं, खरं वय कसं ठाऊक? म्हटलं, आईनं सांगितलं होतं, मीच मनावर घेतलं नाही.
बाहेर आवडाबाईनं हात जोडले. "बोलले गुरुजी. लई झालं."
येताना गुलमंडीवर पाव किलो जिलबी घेतली. शूरवीर ना मी!

४ मार्च
निकाल लागला. रजिस्टर सुवाच्य आहे, कुठं खाडाखोड नाही, म्हणून ग्राह्य. माझं तोंडी बोलणं भरवशाचं नाही. पोरगी सज्ञान ठरली, राजीखुशी मानली गेली. दुकानदार सुटला.
पोरगी कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठून उभी राहिली. वर्गात उठायची तशी.